धाब्याच्या घराला किती टन?

एसीच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, “खोली किती बाय किती?” बारा बाय पंधरा म्हटलं की उत्तरही ठरलेलं, “दीड टन घ्या, बिनघोर राहा.” शहरातल्या फ्लॅटला हा अडाखा बरा लागू पडतो. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या जुन्या नांदुऱ्यात बारा बाय पंधराच्या दोन खोल्या शेजारी शेजारी असू शकतात. एकीवर अजून मातीचं धाबं आहे. दुसरीचं धाबं गळायला लागलं म्हणून काढून टाकलं आणि वर पत्रे घातले. मे महिन्यात दुपारी तीन वाजता पहिलीत डोळा लागतो, दुसरीत पंख्याखालीही बसवत नाही. क्षेत्रफळ तेच, भिंती त्याच. मग दोघींना टन सारखे कसे लागतील?

जुन्या घरासाठी यंत्र निवडायचं तर खोलीच्या लांबी-रुंदीआधी छत, भिंत, पाणी आणि वीज या चार गोष्टी बघाव्या लागतात. त्या बघितल्या तर बहुतेक वेळा यंत्र लहान लागतं आणि ते चालवायची रीत वेगळी निघते.

उष्णता उपसणारा पंप

एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, म्हणून त्याचं खरं नाव उष्णतेचा पंप, हीट पंप. युरोपातल्या गारठ्यात हेच यंत्र उलटं चालवून बाहेरची उष्णता घरात आणतात. नळ्यांमधून फिरणारा गॅस हा यातला हमाल. आजच्या बहुतेक एसींत असणारा आर-३२ हा द्रव साध्या वातावरणीय दाबाला उणे ५२ अंश सेल्सिअसलाच उकळतो. घरातल्या युनिटमध्ये त्याच्यावरचा दाब बाहेरच्या युनिटपेक्षा कमी ठेवतात. तो उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी उष्णता खोलीतल्या हवेकडून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, दाबल्यानं ती बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होते आणि आउटडोअर युनिटमध्ये उष्णता सोडून पुन्हा द्रव होते.

विजेचं एक युनिट खर्चून असा पंप तीन ते चार युनिट उष्णता हलवू शकतो. विहिरीवरच्या पंपाला जसं पाणी जितकं खोल तितकं काम जास्त, तसं इथे आतलं आणि बाहेरचं तापमान यांतलं अंतर जितकं मोठं तितकं बिल जास्त. आतली जाळी १० अंशांवर आणि बाहेरची ५५ अंशांवर काम करत असेल, तर बाहेरची आणखी पाच अंशांनी तापली की तेवढ्याच थंडाव्याला सुमारे दहा टक्के जास्त वीज जाते. आउटडोअर युनिट पश्चिमेच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याच्या शेजारी लावलं की हे पाच अंश आपण आपल्या हातानं वाढवून ठेवतो.

कल्पना जुनी आहे. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५२ मध्ये ती मांडली. त्याच दशकात पेटर फॉन रिटिंगर यांनी ऑस्ट्रियातल्या एबेनझे इथल्या मिठाच्या कारखान्यात खारं पाणी आटवायला असा पंप चालवून पाहिला. १९३८ मध्ये झुरिकच्या नगरभवनाला लिम्माट नदीच्या पाण्यातली उष्णता उचलून ऊब दिली गेली. ‘टन’ हे मापही जुन्या काळातलंच. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेईल, तेवढी उपसण्याची ताकद म्हणजे एक टन. आजच्या भाषेत साडेतीन किलोवॉट.

घाटाखालचा उन्हाळा

बुलढाणा जिल्ह्याचे लोक स्वतःच जिल्ह्याचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, म्हणून उन्हाळ्यात सुसह्य. नांदुरा, मलकापूर, खामगाव, शेगाव घाटाखाली, पूर्णेच्या खोऱ्यात. शेजारचं अकोला देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत दर वर्षी झळकतं, आणि नांदुऱ्याची हवाही त्याच खोऱ्यातली. मेमध्ये पारा ४३-४४ वर जातो, पण हवा कोरडी असते. या कोरडेपणावरच विदर्भातला कूलर उभा आहे.

बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यानं गुंडाळलेला तापमापक २३ अंशांच्या आसपास थांबतो. नव्या ताट्यांचा, नीट पाणी खेळणारा कूलर यातला बराच पल्ला गाठून २७ अंशांची हवा देतो. लागतो तो फक्त पंख्याचा आणि टुल्लू पंपाचा करंट. या दिवसांत कुठलाही हीट पंप कूलरशी बिलात बरोबरी करू शकत नाही, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं. मृगाच्या आसपास चित्र पालटतं. बाहेर ३६ अंश आणि आर्द्रता ६० टक्के झाली की ओल्या फडक्याचा पारा २९ च्या खाली येत नाही. कूलर फिरत राहतो, हवा चिकट होते, चादरी दमट लागतात. हीट पंपाची खरी गरज इथून सुरू होते.

नांदुरा तालुक्याच्या पूर्णेकडच्या गावांत कूलरला आणखी एक शत्रू आहे, पाणी. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी खारं आहे. एक टनाइतका थंडावा देताना कूलर ताशी पाच लिटर पाणी हवेत उडवतो. दिवसाचे आठ तास धरले तर ४० लिटर. त्या पाण्यात लिटरमागे दोन ग्रॅम क्षार असतील तर रोज ८० ग्रॅम, महिन्याला जवळपास अडीच किलो क्षार मागे राहतो, कारण वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. हा क्षार ताट्यांच्या गवतावर पांढऱ्या पुटासारखा चढतो, मधाच्या पोळ्यासारख्या पॅडची भोकं बुजवतो, टाकीचा पत्रा खातो. त्यावर उपाय एकच: टाकीतलं पाणी नुसतं वाढवत न राहता रोज थोडं सोडून द्यायचं. ज्यांच्याकडे कूलरपुरतंही गोडं पाणी नाही, त्यांच्या हिशेबात दर हंगामाच्या ताट्या आणि टाकी धरली की एसी वाटतो तेवढा महाग राहत नाही.

दोन्ही यंत्रांच्या मागण्या मात्र उलट्या. कूलरला घर उघडं लागतं: समोरची खिडकी उघडी नसेल तर दमट हवा आतच कोंडते. एसीला घर बंद लागतं. दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी चालवणं म्हणजे एकानं ओतायचं आणि दुसऱ्यानं उपसायचं. कूलरनं हवेत घातलेल्या दर लिटर पाण्यामागे एसीला दोन तृतीयांश युनिट उष्णता जास्तीची उचलावी लागते.

आधी छत

आता त्या दोन खोल्यांकडे वळू. दोन्हींचं छत १८० चौरस फूट, म्हणजे साधारण १७ चौरस मीटर. उन्हात पत्रा ६५ अंशांपर्यंत सहज तापतो आणि खाली आडोसा काहीच नाही. खोलीत २६ अंश हवे असतील तर एकट्या पत्र्यातून तीन किलोवॉटच्या पुढे उष्णता खाली येते. जवळजवळ एक टनाचा एसी निव्वळ छताशी झुंजण्यात खर्ची पडतो. माणसं, दार, खिडकी यांचा हिशेब नंतर.

धाब्याची गोष्ट निराळी. सागवानी कडीपाट, त्यावर पाला, त्यावर हात-दीड हात मातीचा थर आणि पावसाळ्याआधी वर पसरलेली खारी माती. शेताचं नुकसान करणारी हीच खारी माती धाब्यावर कामाला येते: तिच्यातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होऊन भेगा बुजवतात आणि पाणी झिरपत नाही. अशा छतातून त्याच दुपारी येणारी उष्णता ठोकळ हिशेबानं ३०० वॉटच्या आसपास, म्हणजे पत्र्याच्या एक दशांश. दोन बाहेरच्या भिंती, चार माणसं आणि फटींतून येणारी हवा धरूनही धाब्याच्या खोलीला एक टनाचं यंत्र पुरून उरतं. पत्र्याच्या खोलीत दीड टनही दुपारी धापा टाकतो.

तेव्हा पत्र्याच्या खोलीसाठी पहिला खर्च छतावरचा. पत्र्याला दर उन्हाळ्याआधी चुन्याचा किंवा उन्हं परतवणारा पांढरा रंग, खाली हवा खेळेल एवढी जागा सोडून छत, आणि त्यावर उष्णतारोधक थर. जुन्या माजघराला तक्तपोशी असेल तर फारच छान. तिच्या फटी बुजवल्या की निम्मं काम झालं. कौलारू खोलीत मात्र एसीचा नाद नको. कौलांच्या शेकडो फटींतून थंड हवा निघून जाते. तिथे कूलरच बरा.

जाड भिंतीचा स्वभाव

दीड फुटी मातीच्या भिंतीतून बाहेरचा कडाका आत पोचायला अर्धा दिवस लागतो, आणि पोचतो तोही बोथट होऊन. बाहेर दुपारी ४३ आणि पहाटे २८ असेल, तर भिंतीच्या लेखी हवा ३५-३६ अंशांचीच असते. ती दुपारचा झटका ओळखत नाही, दिवसाची सरासरी ओळखते. म्हणून पत्र्याच्या घराला वाईट तास असतो आणि धाब्याच्या घराला वाईट महिना. दुपारी तीनच्या कडाक्याला पुरेल असं यंत्र घ्यायचा शहरी नियम या घराला लागूच होत नाही.

पण या स्वभावाची दुसरी बाजूही आहे. एप्रिलभर तापलेली भिंत उष्णता धरून बसते. बारा बाय पंधराच्या खोलीच्या चारही भिंती मिळून एक अंशानं थंड करायच्या तर सुमारे आठ युनिट उष्णता काढावी लागते. एक टनाच्या यंत्राला दुसरं काही काम नसलं तरी त्यात दोन तासांहून जास्त जातात. रात्री नऊ वाजता एसी लावला की अर्ध्या तासात हवा गार होते, बंद केला की दहा मिनिटांत भिंती ती पुन्हा तापवतात, आणि माणूस म्हणतो, “एसीत दम नाही.” दम यंत्रात नसतो असं नाही; भिंतीचं देणं फिटलेलं नसतं.

मग चालवायचं कसं? मोठं यंत्र थोडा वेळ चालवण्यापेक्षा लहान यंत्र जास्त वेळ, मंद गतीनं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर नेमका यासाठीच: खोली गार झाली की तो बंद न पडता वेग उतरवतो, आणि कमी वेगात तो सर्वांत काटकसरी असतो. गरजेपेक्षा मोठं यंत्र घेतलं तर त्याचा कमीत कमी वेगही खोलीला जास्त होतो. ते वरचेवर थांबतं, श्रावणातली आर्द्रता काढायला पुरेसं चालतच नाही आणि खोली गार पण दमट राहते. दुपारी चारला २७ अंशांवर लावून ठेवा, झोपायच्या वेळी पंखा जोडीला द्या. सेटिंग एका अंशानं वर नेलं की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होतात तेही याच ब्युरोच्या नियमामुळे.

आणि जे फुकट मिळतं ते घ्यावंच. वैशाखातही पहाटे चार ते सात हवा बरी असते. तेवढा वेळ दारं-खिडक्या, झरोके उघडे ठेवून पंख्यानं हवा खेळवली तर भिंत रोज थोडी उतरते. नऊच्या आत सगळं बंद.

विकत घेताना

स्टार लेबलवरचा आयएसईईआर हा हंगामभराच्या काटकसरीचा आकडा २४ ते ४३ अंशांच्या बाहेरच्या हवेत, वर्षाला १,६०० तास वापर धरून काढतात. दोन यंत्रांची तुलना करायला तो उत्तम. पण यंत्रावर लिहिलेली टनाची ताकद ३५ अंशांवर मोजलेली असते आणि आपल्याकडे त्याच्यावर आठ-दहा अंश चढतात. म्हणून माहितीपत्रकात ४६ अंशांवर किती टन मिळतो ते विचारा. आंतरराष्ट्रीय चाचणीत उष्ण प्रदेशांसाठी हेच तापमान ठरलेलं आहे. “५२ अंशांपर्यंत चालतो” या जाहिरातीत तो चालतो एवढंच कळतं, किती चालतो ते कळत नाही.

‘हॉट अँड कोल्ड’ मॉडेलवर जास्तीचे पैसे घालायचं नांदुऱ्यात कारण नाही. थंडीच्या मोजक्या रात्रींना जाड भिंत आणि गोधडी पुरते. व्होल्टेज किती खालपर्यंत चालेल हे मात्र आवर्जून बघा, कारण उन्हाळी संध्याकाळी ते हमखास घसरतं.

मातीच्या भिंतीला यंत्र बसवताना

बसवणारा कारागीर काँक्रीटला सरावलेला असतो. मातीच्या भिंतीत अँकर बोल्ट धरत नाही. कॉम्प्रेसरच्या थरथरीनं महिन्या-दोन महिन्यांत ब्रॅकेट सैल होतं. आउटडोअर युनिट जमिनीवर, फूटभर उंच लोखंडी घोडीवर ठेवावं, परसात उत्तरेला किंवा पूर्वेला, सावलीत, मागेपुढे हवा मोकळी. आतलं युनिट भिंतीऐवजी खांबांना आडव्या ठोकलेल्या फळीवर टांगावं. धाब्याच्या घरात छताचा भार मुख्यतः खांब आणि तुळयांवर असतो, म्हणून पाइपासाठी भिंतीत भोक पाडलं तरी भीती नाही. ते खांबापासून लांब हवं आणि पाण्याच्या ड्रिलनं न पाडता कोरडंच, सबलीनं पाडलेलं हवं. आत प्लॅस्टिकचा पाइप घालून बाहेरच्या बाजूला उतार द्यावा आणि कड चुना-मातीनं लिंपावी.

सर्वांत जपायचं ते ड्रेनचं पाणी. मेमध्ये ते थेंब-थेंब येतं, म्हणून कुणी लक्ष देत नाही. जुलैत हेच यंत्र तासाला लिटरभर पाणी गाळतं. ते भिंतीच्या बुडाशी मुरलं की माती फुगते, लाकडाला वाळवी लागते आणि शंभर वर्षं टिकलेली भिंत एका पावसाळ्यात पोट काढते. पाइप भिंतीपासून पाच-सहा फूट लांब, मोरीत नेऊन सोडा. अशा भिंतीला आतून सिमेंटचा गिलावा किंवा ऑइल पेंटही देऊ नका. ओल आत कोंडते. चुना किंवा माती-शेणाचा हात पुरे.

वायरिंगला हयगय नको. लाकडी पट्टीतून गेलेली जुनी वायर पंखा-दिव्यापुरती असते. एसीला मीटरपासून स्वतंत्र, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि खरीखुरी अर्थिंग हवी. महावितरणकडे मंजूर भार वाढवून घ्यावा. त्याच खर्चात घराला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवून घ्या. लोखंडी कूलरचा शॉक लागून मृत्यू झाल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. हे छोटं यंत्र करंट गळताच क्षणात पुरवठा तोडतं.

न्हाणीघरातला पंप

हीट पंपाचा आणखी एक उपयोग म्हणजे आंघोळीचं पाणी. हिवाळ्यात १०० लिटर पाणी २२ अंशांवरून ४५ वर नेण्यास साध्या गीझरला २.७ युनिट लागतात, हीट पंप गीझरला एक युनिटाच्या आत. पाच-सहा माणसांच्या छोट्या कुटुंबात ही बचत यंत्राची किंमत वसूल करायला फार वर्षं घेईल; बंब किंवा सौर टाकीच परवडते. दहा-पंधरा माणसांचं एकत्र कुटुंब, वसतिगृह किंवा लॉज असेल तर विचार करावा. मात्र खारं, जड पाणी असेल तर क्षार इथेही चढणार, टाकी धुण्याची सोय हवीच.

पाडव्यापासून दिवाळीपर्यंत

फाल्गुन संपता संपता आउटडोअर युनिटची जाळी धुवून घ्या. कापसाच्या या पट्ट्यात जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारे तंतू जाळीवर गोधडीसारखे बसतात आणि पंपाचा श्वास कोंडतो. धुवायला बोअरचं खारं पाणी नको. त्यानं ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे खराब होतात. पाडव्यापासून मृगापर्यंत दिवस कूलरवर काढावा. एसी लागलाच तर रोहिणीतल्या उकाड्यात, रात्रीपुरता. मृग लागला की कूलरची टाकी कोरडी करून एसीकडे वळा. पावसानं हवा गार झाली की दोन्ही बंद. ऑक्टोबर हीटमध्ये हवा पुन्हा कोरडी होत जाते, तेव्हा आधी कूलर लावून बघा. दर आठवड्याला मीटरचं रीडिंग कॅलेंडरवर टिपून ठेवलं तर कुठल्या आठवड्यात कुठलं यंत्र परवडतं ते तुमच्याच घराचा आकडा सांगेल. टप्प्याटप्प्यानं चढणाऱ्या वीजदरात वरच्या टप्प्यातली युनिटं महागात पडतात, तेव्हा वाचवायची ती तीच.

सौर पॅनेलचा मेळ या घराशी छान बसतो, कारण दुपारी तयार होणारी वीज दुपारीच भिंती थंड करायला लावता येते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत २०२४ मध्ये ३ किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांचं अनुदान जाहीर झालं. पॅनेल धाब्यावर मात्र चढवू नका: भोकांतून पाणी उतरतं आणि जुन्या तुळयांना भार सोसत नाही. घराचा स्लॅबचा भाग किंवा परसातला लोखंडी मांडव हीच जागा.

पैसे बेताचे असतील तर क्रम असा: छत, सावली, वायर आणि सर्वांत शेवटी यंत्र. दुकानातून एक टन आणायचा की दीड, हे पहिल्या तीन कामांनंतरच ठरवावं. एसी दहा-बारा वर्षांत भंगारात जाईल आणि त्याच्या जागी नवा येईल. छतावर आणि सावलीवर घातलेला पैसा त्या नव्या यंत्रालाही लहान ठेवेल, आणि ज्या दुपारी वीज गेलेली असेल त्या दुपारी एकटाच उपयोगी पडेल.